पाळीव प्राण्याला परदेशी नेताना वाहतूक कंपनी कशी निवडावी

पाळीव प्राण्यांची आंतरराष्ट्रीय वाहतूक करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती वाचल्या की असे वाटते, की कंपनीचा एक माणूस घरी येऊन आपल्या कुत्र्याला किंवा मांजरीला घेऊन जाईल आणि तोच दुसऱ्या देशात तिला आपल्या हाती सोपवील. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. या क्षेत्रातल्या बहुतेक कंपन्यांचे काम समन्वयाचे असते. घरापासून विमानतळापर्यंतचे वाहन एकाचे, मालवाहतूक विभागातली हाताळणी दुसऱ्याची, विमान तिसऱ्याचे, मधल्या थांब्यावरची देखभाल चौथ्याची आणि उतरल्यानंतर सीमाशुल्क व पशुआरोग्य तपासणी उरकून देणारा स्थानिक एजंट पाचवा, अशी ही साखळी असते. माझ्या कुत्रीला नेताना मी अनेक कंपन्यांशी बोलले आणि त्यातून माझा एक निकष पक्का झाला. या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर प्राणी कोणाच्या ताब्यात असेल आणि तिथे काही अडले तर निर्णय कोण घेईल, हे जी कंपनी नावानिशी लेखी देते तिचाच विचार करावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या निकषाच्या आधाराने मांडल्या आहेत.

हा लेख मुख्यतः कुत्रे आणि मांजरांसाठी आहे. पोपट, कासव यांसारख्या प्राण्यांना संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराचे परवानेही लागू शकतात. आफ्रिकन ग्रे पोपट तर २०१७ पासून या कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. अशा प्राण्यांसाठी त्याच कामाचा अनुभव असलेली कंपनी शोधावी, कारण कुत्र्यामांजरांचा अनुभव तिथे फारसा उपयोगी पडत नाही.

१. कंपनीला फोन करण्याआधी नियम आणि तारखा स्वतः मांडा

ही पायरी अनेक जण कंपनीवर सोपवतात आणि तिथेच तिची परीक्षा घेण्याचे साधन गमावून बसतात. ज्या देशात जायचे आहे त्या देशाच्या कृषी किंवा पशुसंवर्धन खात्याचे अधिकृत पान उघडा, नियम वाचा आणि उलट्या दिशेने तारखा मोजा. सगळा तपशील पाठ होण्याची गरज नाही. कंपनी चुकीचे काही सांगत असेल तर ते लक्षात येण्याइतके कळले म्हणजे पुरे.

बहुतेक देशांची सुरुवात मायक्रोचिपपासून, म्हणजे प्राण्याच्या कातडीखाली बसवायच्या ओळखक्रमांकाच्या चिपपासून होते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांना धरून असलेली, १५ अंकी क्रमांकाची चिप सर्वत्र चालते. चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, किंवा दोन्ही एकाच दिवशी, हा क्रम महत्त्वाचा आहे. चिप बसवण्यापूर्वी दिलेली लस अनेक देश मोजतच नाहीत, कारण ती याच प्राण्याला दिली होती हे सिद्ध करता येत नाही. त्यानंतर अनेक देशांसाठी रक्तातील रेबीज प्रतिपिंडांची चाचणी येते. व्यवहारात तिला टायटर चाचणी म्हणतात. तिचा निकाल दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावा लागतो आणि ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करावी लागते.

खरा वेळ जातो तो या चाचणीनंतरच्या प्रतीक्षेत. युरोपीय संघाने रेबीजच्या दृष्टीने कमी धोक्याच्या मानलेल्या देशांच्या यादीत नसलेल्या देशातून तिथे जाताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यावे लागते आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. जपान रेबीजमुक्त न मानलेल्या देशांतून येणाऱ्या प्राण्यासाठी दोन लसी, चाचणी आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा मागतो. शिवाय आगमनाची पूर्वसूचना किमान ४० दिवस आधी द्यावी लागते. अटी पूर्ण नसतील तर प्राण्याला तिथे १८० दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये राहावे लागू शकते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात किमान १० दिवसांचे क्वारंटाइन असते, पण टायटर चाचणीपूर्वी प्राण्याची ओळख अधिकृतरीत्या पडताळून घेतलेली नसेल तर ते ३० दिवसांचे होते. काही देशांतून तर ऑस्ट्रेलियात प्राणी थेट नेताच येत नाही. त्याला आधी मान्यताप्राप्त देशात ठरावीक काळ ठेवून मगच पुढे न्यावे लागते. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून येणारा प्रत्येक कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप बसवलेला आणि तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचा अर्ज भरलेला असावा लागतो, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना याहून अधिक अटी आहेत.

नियम बदलतात. म्हणून अधिकृत पानाची प्रत तारखेसह जतन करून ठेवा आणि प्रवासाच्या महिनाभर आधी ते पान पुन्हा वाचा.

२. कंपनीची गरज खरोखर आहे का, ते ठरवा

प्राणी विमानाने तीन प्रकारे जातो: लहान असेल तर तुमच्याबरोबर केबिनमध्ये, तुमच्याच विमानात पण सामानाच्या कप्प्यात, किंवा स्वतंत्र एअरवे बिलावर, म्हणजे हवाई मालाच्या वाहतूकपत्रावर, माल म्हणून. पहिल्या दोन प्रकारांत नियम सोपे असतील तर जाणकार पशुवैद्याच्या मदतीने सगळे काम तुम्ही स्वतः करू शकता. पण प्रत्येक देश हे तिन्ही पर्याय देत नाही. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा प्राणी साधारणपणे मान्यताप्राप्त मार्गाने, माल म्हणूनच आणावा लागतो. माल म्हणून नोंदणी करताना अनेक विमान कंपन्या खासगी व्यक्तीकडून थेट बुकिंग घेत नाहीत, आणि तिथे एजंटशिवाय पर्याय उरत नाही.

सगळे काम कंपनीलाच द्यायला हवे असेही नाही. लसी, चाचणी आणि प्रमाणपत्रे स्वतः करून घेऊन फक्त बुकिंग आणि विमानतळावरचे काम कंपनीला देता येते. अशा अर्ध्या कामासाठी तयार होणाऱ्या कंपन्या आहेत, फक्त ते स्पष्टपणे विचारावे लागते.

३. नावांची यादी करा आणि प्रत्येक नाव मूळ ठिकाणी पडताळा

सुरुवात करण्यासाठी चांगली जागा म्हणजे १९७९ मध्ये स्थापन झालेली ‘इपाटा’ ही प्राणी वाहतूकदारांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या संकेतस्थळावर देशानुसार सदस्य शोधता येतात. मात्र इपाटा ही व्यावसायिकांची संघटना आहे, सरकारी परवाना देणारी यंत्रणा नव्हे. सदस्यत्वावरून कंपनी या व्यवसायात खरोखर आहे एवढे कळते. तुमचे काम ती नीट करील याची हमी त्यातून मिळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे परवाना. तो देशागणिक वेगळा असतो. अमेरिकेत प्राण्यांची हाताळणी आणि वाहतूक करणाऱ्यांची नोंदणी तिथल्या कृषी खात्याकडे होते. युरोपीय संघात व्यावसायिक प्राणी वाहतूकदाराला अधिकृत मान्यता घ्यावी लागते आणि आठ तासांपेक्षा लांबच्या प्रवासासाठी वेगळ्या प्रकारची मान्यता लागते. कंपनीला परवान्याचा प्रकार आणि क्रमांक विचारा, आणि तो क्रमांक देणाऱ्या खात्याकडेच पडताळून पाहा.

इथला सर्वांत नेहमीचा सापळा म्हणजे कंपनीच्या पानावर लावलेली चिन्हे. संघटनेचे चिन्ह कोणालाही उतरवून घेता येते. त्यावर बोट ठेवून जे पान उघडते त्यावर विश्वास ठेवू नका, कारण तेही बनावट असू शकते. संघटनेचे संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा, तिथे कंपनीचे नाव शोधा आणि तिथे दिलेला फोन क्रमांक व ईमेल पत्ता तुम्हाला मिळालेल्या तपशिलाशी अक्षर न् अक्षर जुळतो का ते पाहा. खऱ्या कंपनीच्या नावात एखादे अक्षर किंवा जोडरेघ वाढवून तयार केलेले पत्ते या क्षेत्रात सर्रास आढळतात. संकेतस्थळाचे नाव कधी नोंदवले गेले हेही कोणालाही पाहता येते. वीस वर्षांच्या अनुभवाचा दावा करणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ गेल्याच महिन्यात नोंदवलेले असेल, तर पुढे बोलण्याचे कारण नाही.

ग्राहकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे मोजण्यापेक्षा तक्रारींना कंपनीने दिलेली उत्तरे वाचावीत. विमान रद्द होणे, उन्हाळ्यात बुकिंग नाकारले जाणे हे चांगल्या कंपनीच्या बाबतीतही घडते. तेव्हा प्राणी रात्री कुठे होता आणि मालकाला किती वेळात कळवले, हे त्या उत्तरांतून समजते.

४. पहिल्या संभाषणात कोण कोणाला प्रश्न विचारतो ते पाहा

अनुभवी कंपनी दर सांगण्याआधी बरेच विचारते. प्राण्याची जात, वय, वजन आणि मापे, चिपचा क्रमांक आणि ती बसवल्याची तारीख, लसींच्या तारखा, गेल्या सहा महिन्यांत प्राणी कोणत्या देशांत राहिला, काही आजार किंवा औषधे चालू आहेत का, तुम्ही स्वतः कधी प्रवास करणार आहात. यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत बोलका वाटतो. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये प्राण्याचा प्रवास खासगी मानला जाण्यासाठी तो मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा नंतरच्या काळात व्हावा लागतो. ती मर्यादा ओलांडली की व्यापारी वाहतुकीचे नियम लागू होतात, कागदपत्रे बदलतात आणि खर्चही वाढतो. हे ज्याला माहीत आहे तो तुमच्या तिकिटाची तारीख विचारल्याशिवाय बुकिंगबद्दल बोलणार नाही.

चपट्या नाकाच्या जातींचा, म्हणजे पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांचा विषय निघाल्यावर कंपनी काय म्हणते तेही लक्षात घ्या. या प्राण्यांना उष्णतेत आणि ताणाखाली श्वास घेणे कठीण जाते, आणि म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना नेतच नाहीत किंवा फक्त थंड महिन्यांत नेतात. ‘काही अडचण नाही’ असे लगेच सांगणाऱ्यापेक्षा ‘या महिन्यात नको, दोन महिने थांबा’ असे सांगणारा माणूस जास्त भरवशाचा.

गुंगीच्या औषधाचा प्रश्न मुद्दाम विचारा. विमानप्रवासात अशी औषधे देऊ नयेत हाच सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे, कारण त्यांनी रक्तदाब आणि श्वसनावर परिणाम होतो आणि प्राण्याला तोलही सांभाळता येत नाही. गुंगीत असलेला प्राणी विमान कंपनी परत पाठवू शकते. प्राणी शांत राहावा म्हणून औषध देण्याची सूचना कंपनीकडून आली, तर तिचे नाव यादीतून काढून टाका. त्याऐवजी क्रेट, म्हणजे प्राण्याला विमानातून नेण्याची पेटी, काही आठवडे आधी घरी आणा आणि प्राण्याला त्यातच खाण्याझोपण्याची सवय लावा, असे सांगणारी कंपनी योग्य दिशेने विचार करते आहे.

यानंतर तुमचे प्रश्न. हे ईमेलने पाठवा आणि उत्तरही लेखीच मागा:

– या देशात गेल्या वर्षभरात तुम्ही प्राणी पाठवले आहेत का, आणि तिथला तुमचा स्थानिक एजंट कोण आहे?
– घरातून नेण्यापासून पुन्हा हाती मिळेपर्यंत प्राणी कोणकोणाच्या ताब्यात असेल?
– विमान रद्द झाले किंवा तापमानामुळे बुकिंग नाकारले गेले, तर प्राणी कुठे राहील आणि तो खर्च कोणाचा?
– प्रवासात प्राणी आजारी पडला, तर पशुवैद्याला बोलावण्याचा निर्णय कोण घेईल?
– रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी मी कोणाला फोन करायचा?

टाळाटाळ साधारणतः तिसऱ्या प्रश्नावर सुरू होते. शेवटच्या प्रश्नाला कार्यालयाच्या वेळा कळवणाऱ्या कंपनीलाही मी यादीत ठेवले नसते, कारण मालवाहू बुकिंगच्या अडचणी कार्यालयाच्या वेळा पाहून येत नाहीत.

५. क्रेटवरून कंपनीचे ज्ञान तपासा

जिवंत प्राण्यांच्या हवाई वाहतुकीचे नियम ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची संघटना दरवर्षी प्रसिद्ध करते. कुत्र्यामांजरांच्या क्रेटची मापे त्यांत सूत्राने दिलेली आहेत. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत, जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवला की क्रेटची आतली लांबी मिळते. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे क्रेटची रुंदी. उभ्या प्राण्याच्या डोक्यापर्यंत किंवा कानांच्या टोकापर्यंत, जे जास्त असेल तितकी, आणि त्यात अंथरुणाची जाडी मिळवून, क्रेटची उंची ठरते. चपट्या नाकाच्या जातींसाठी क्रेट १० टक्के मोठा लागतो.

म्हणून केवळ वजन विचारून ‘मध्यम आकाराचा क्रेट’ सुचवणाऱ्या कंपनीला सूत्र माहीत नाही, किंवा माहीत असून लहान क्रेटचे भाडे दाखवून ती तुम्हाला ओढू पाहते आहे. मालभाडे बऱ्याचदा वजनावर नव्हे, क्रेटच्या आकारमानावर ठरते, त्यामुळे या एका बाबीने दोन कंपन्यांच्या दरांत मोठा फरक पडतो. क्रेट लहान निघाला तर विमानतळावरच प्राणी नाकारला जातो आणि तुमचे प्रमाणपत्र मात्र मुदत मोजत राहते. क्रेटची दोन्ही अर्धुके धातूच्या नटबोल्टांनी जोडलेली असावीत, चाके काढून टाकलेली असावीत आणि पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता यावी.

६. मार्ग आणि थांबे विचारा

थेट विमान मिळत असेल तर ते थोडे महाग असले तरी घ्यावे. थांबा अटळ असेल, तर तिथे प्राण्यांसाठी खरी सोय आहे का ते पाहा. फ्रँकफर्ट विमानतळावर लुफ्थान्सा कार्गोचे प्राण्यांसाठी वेगळे केंद्र आहे. तिथे लांब थांब्यात प्राण्याला क्रेटबाहेर काढून पाणी आणि विश्रांती देता येते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन चालवत असलेले प्राणी स्वागत केंद्र आहे. सगळ्या विमानतळांवर अशी सोय नसते, आणि तिथे प्राणी गोदामातच थांबतो. थांब्याच्या देशाचे स्वतःचे नियम असू शकतात हेही विसरू नका. काही देश नुसत्या थांब्यासाठीही परवाना मागतात.

कंपनीने सुचवलेल्या मार्गावर प्राणी एका विमान कंपनीच्या विमानातून दुसऱ्या कंपनीच्या विमानात बदलायचा असेल, तर त्याचे कारण विचारा. हस्तांतर जितके जास्त तितक्या चुकांच्या जागा जास्त.

७. कोटेशन ओळीओळीने वाचा

किमान तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्या, पण त्यांच्या एकूण रकमांची थेट तुलना करू नका. एकीच्या रकमेत उतरल्यानंतरचे सीमाशुल्काचे काम धरलेले असते, दुसरीच्या नसते. प्रत्येकीकडून पुढील बाबी वेगळ्या मांडून घ्या: क्रेट, घरापासून विमानतळापर्यंतचे वाहन, विमानभाडे, टायटर चाचणी, सरकारी परवाने आणि प्रमाणपत्रांवरील शिक्क्यांचे शुल्क, उतरल्यावरचे सीमाशुल्क आणि पशुवैद्यकीय तपासणी, क्वारंटाइन केंद्राचे भाडे, शेवटचा घरपोच टप्पा, आणि कंपनीची स्वतःची सेवा. सरकारी शुल्के खात्याच्या पानावर जाहीर असतात. ती रक्कम कंपनीने फुगवून लिहिली असेल, तर बाकीच्या आकड्यांवरही तितकाच विश्वास ठेवा.

करांचाही प्रश्न असतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्याने निवासस्थान बदलाच्या सवलतीसाठी आधी अर्ज केला नाही, तर माल म्हणून आलेल्या प्राण्यावर कर लागू शकतो. चांगली कंपनी याची आठवण तुम्हाला काही आठवडे आधी करून देते.

पूर्ण रक्कम आधी मागणारी कंपनी टाळा. थोडी आगाऊ रक्कम, बुकिंग पक्के झाल्यावर मोठा हप्ता आणि उरलेली रक्कम प्रवासाआधी, अशी विभागणी रास्त आहे. ठरलेल्या रकमेत बदल कोणत्या कारणांनी होऊ शकतो हे त्याच कागदावर लिहून घ्या.

८. करार आणि विमा: वाचायला कंटाळवाणे, पण इथेच थांबून वाचा

करारात दोन गोष्टी शोधा: कंपनी स्वतःच्या चुकीची जबाबदारी घेते का, आणि रद्द करण्याच्या अटी काय आहेत. प्रमाणपत्रातल्या चुकीमुळे प्राणी परत पाठवला गेला तर त्याचा खर्च कोण देईल, याचे उत्तर करारात नसेल तर ते तुम्हीच द्याल असे धरून चाला. कागदपत्रे तपासण्याचे शुल्क कंपनी घेत असेल, तर त्या तपासणीतून निसटलेल्या चुकीची जबाबदारीही तिने घ्यावी, असा आग्रह मी धरला होता आणि तो मान्य झाला. मागून पाहायला हरकत नाही.

विमान कंपनीच्या भरपाईविषयी अनेकांचा गैरसमज असतो. माल म्हणून जाणारा प्राणी कायद्याच्या नजरेत माल असतो. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय हवाई मालाच्या नुकसानीची भरपाई वजनावर मोजतात, आणि डिसेंबर २०२४ पासून तिची मर्यादा दर किलोला २६ ‘एसडीआर’ आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक. चार किलोच्या मांजरीच्या बाबतीत ही रक्कम नाममात्रच ठरते. पाठवतानाच अधिक मूल्य जाहीर करून त्याचे शुल्क भरले, तर ही मर्यादा वाढवता येते. प्राण्याच्या आधीच्या आजारामुळे किंवा त्याच्या प्रकृतीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमान कंपनी नाकारू शकते. म्हणून ‘विमा आहे’ एवढे ऐकून थांबू नका. विमा कोणाच्या नावावर आहे, त्यात मृत्यू धरला आहे की उपचारांचा खर्चही, आणि क्वारंटाइनचा काळ त्यात येतो का, हे पॉलिसीच्या कागदावर पाहा.

९. फसवणूक ओळखा

या व्यवसायाच्या नावाने चालणारी फसवणूक एका ठरलेल्या पद्धतीने होते. बाजारभावापेक्षा फारच कमी दर सांगितला जातो, किंवा ऑनलाइन विकत घेतलेले पिल्लू ‘पाठवण्यासाठी’ विक्रेताच वाहतूक कंपनीचे नाव सुचवतो. पहिली रक्कम भरल्यावर निरोप येतो, की प्राणी विमानतळावर अडकला आहे आणि तापमान नियंत्रित क्रेटसाठी, विम्यासाठी किंवा क्वारंटाइनसाठी आणखी रक्कम लगेच भरावी लागेल. ती नंतर परत मिळेल. ती भरली की पुढचे कारण येते. न भरल्यास प्राण्याला सोडून दिल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, अशी धमकीही दिली जाते. पैसे गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितले जातात. खरा विमा असा प्रवासाच्या मध्यावर काढला जात नाही, आणि क्वारंटाइनचे शुल्क सरकारी केंद्राच्या ठरलेल्या मार्गानेच भरायचे असते.

एअरवे बिलाचा क्रमांक मागणे हा यावरचा चांगला उपाय आहे. तो ११ अंकी असतो. पहिले तीन अंक विमान कंपनीचे, पुढचे सात अनुक्रमांकाचे आणि शेवटचा पडताळणीचा. त्या सात अंकी संख्येला सातने भागून जी बाकी उरते तोच शेवटचा अंक असावा लागतो. अनुक्रमांक १२३४५६७ असेल, तर शेवटचा अंक ५. हिशोब चुकला तर क्रमांक बनावट आहे हे नक्की. जुळला तरी तेवढ्याने पुरत नाही. तो क्रमांक विमान कंपनीच्या मालवाहतुकीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा, कंपनीने पाठवलेल्या ‘ट्रॅकिंग’ दुव्यावर नव्हे. काही एजंट स्वतःचा वेगळा क्रमांक देतात. अशा वेळी विमान कंपनीचा मूळ क्रमांक मागून घ्या.

१०. कागदपत्रांची फाइल

मूळ कागदांचा एक संच, क्रेटवर लावण्यासाठी प्रतींचा दुसरा आणि फोनमध्ये छायाचित्रांचा तिसरा, असे तीन संच ठेवावेत. त्यात साधारणपणे हे असावे:

– चिप बसवल्याचा दाखला, त्यावर तारीख आणि १५ अंकी क्रमांक
– रेबीज आणि इतर लसींच्या नोंदी, लसीचा बॅच क्रमांक आणि पशुवैद्याची सही यांसह
– टायटर चाचणीचा प्रयोगशाळेने दिलेला मूळ अहवाल
– आयात परवाना, लागत असेल तिथे
– सरकारी पशुवैद्याने शिक्कामोर्तब केलेले आरोग्य प्रमाणपत्र
– बाह्य आणि आंतरिक परजीवींवरील औषधांच्या नोंदी, तारखेबरोबर वेळेसह
– मालकाच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि तिकिटाची प्रत
– कंपनीला दिलेले अधिकारपत्र, करार आणि विम्याची पॉलिसी
– बुकिंगची लेखी पुष्टी आणि एअरवे बिल

वेळेचा उल्लेख उगाच केलेला नाही. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे येथे जाणाऱ्या कुत्र्याला पट्टकृमीचे औषध पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी दिलेले असावे लागते. युरोपीय संघासाठीचे आरोग्य प्रमाणपत्रही दिल्यापासून तिथे पोहोचेपर्यंत १० दिवसच चालते. विमान दोन दिवसांनी पुढे गेले, तर यांपैकी कोणती मुदत आधी संपेल हे कंपनीने तुम्हाला न विचारता सांगायला हवे.

प्रत्येक कागदावरचा चिपचा क्रमांक एकेक अंक मोठ्याने वाचून ताडून पाहा. एका ठिकाणी दोन अंकांची अदलाबदल झाली तरी सारा संच संशयात येतो, आणि ही चूक पशुवैद्याकडे, प्रयोगशाळेत किंवा कंपनीच्या कार्यालयात, कुठेही होऊ शकते. शेवटच्या तपासणीच्या दिवशी पशुवैद्याकडून चिप पुन्हा स्कॅन करून घ्या.

११. सोपवताना आणि ताब्यात घेताना

सोपवण्याच्या दिवशी क्रेटमध्ये असलेल्या प्राण्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा आणि कोणाच्या ताब्यात दिला त्याची सही, वेळ व नाव घ्या. क्रेटवर उतरण्याच्या ठिकाणी चालणारा फोन क्रमांक लिहा. निघण्याच्या देशातला तुमचा क्रमांक तोवर बंद झालेला असू शकतो.

प्राणी हाती आल्यावर पावतीवर सही करण्यापूर्वी क्रेट, दात, पंजे आणि नखे पाहा. घाबरलेले प्राणी दार कुरतडतात आणि जखमा तिथेच होतात. काही आढळले तर ते पावतीवरच लिहा, छायाचित्र घ्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवून लेखी अहवाल घ्या. माल म्हणून आलेल्या प्राण्याच्या नुकसानीची लेखी तक्रार माँट्रियल करारानुसार ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत विमान कंपनीला द्यावी किंवा पाठवावी लागते. सामान म्हणून आलेल्या प्राण्यासाठी ही मुदत ७ दिवसांची आहे. वाहतूक कंपनीला पाठवलेली तक्रार विमान कंपनीला पाठवली असे धरले जाईलच असे नाही, म्हणून दोघांनाही वेगवेगळी पाठवा.

हिशोब पुरा करण्याआधी मूळ कागदपत्रे कंपनीकडून परत मागून घ्या, विशेषतः टायटर चाचणीचा अहवाल. रेबीजची पुढची लस प्रत्येक वेळी मुदतीत दिली जात असेल, तर युरोपीय संघ तो अहवाल पुढेही ग्राह्य धरतो आणि पुढच्या स्थलांतरात ती चाचणी व तीन महिन्यांची प्रतीक्षा पुन्हा करावी लागत नाही. नव्या पशुवैद्याकडे पहिल्याच भेटीत पुढच्या लसीची तारीख नोंदवून घ्या, कारण ती एक दिवसानेही चुकली तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते.